शोकाची कथा आणि तिचा श्रोता

दिवाळीच्या अंकात शोकाविषयी लिहावे की नाही, याचा मी थोडा विचार केला. परंतु ज्या घरातले माणूस वर्षाच्या आत गेलेले असते त्या घरीही दिवाळी येतेच. अशा घरी कढई चढत नाही, दाराला कंदील लागत नाही. मग शेजारपाजारच्या बायका आणि नात्यातली माणसे फराळाची ताटे रुमालाखाली झाकून घेऊन येतात, घटकाभर बसतात, बोलतात आणि ताट तिथेच ठेवून जातात. त्या ताटाइतकेच त्या घटकाभर बसण्याला महत्त्व असते, हे मला फार उशिरा कळले.

माझी एक मावशी जुन्नरला दिली होती. तिचे यजमान श्रावणात गेले. पुढचे दोन महिने आल्यागेल्याने तिला एकच सांगितले: आता विसर, मुलांकडे बघ. ती मान डोलवी आणि आत जाई. दिवाळीत शेजारच्या काकू चकल्या घेऊन आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, “भाऊजी असते तर पहिली मोडून बघितली असती आणि म्हणाले असते, वहिनी, यंदा भाजणी चुकली.” मावशी पटकन म्हणाली, “आणि वर चार खाल्ल्या असत्या!” ती हसली, आणि मग दोन महिन्यांत रडली नव्हती इतकी रडली. त्या दिवसानंतर ती पुन्हा माणसांत बसू लागली.

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. मायकेल व्हाइट या ऑस्ट्रेलियन समाजकार्यकर्त्याचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा निबंध वाचताना तो एकदम आठवला. व्हाइट ॲडलेडला राहत असे. न्यूझीलंडचा डेव्हिड एप्स्टन आणि तो या दोघांनी मिळून मानसोपचाराची एक नवी रीत घडवली आणि १९९० साली ती एका पुस्तकात मांडली. तिला आपण कथनोपचार म्हणू. तिचे मूळ तत्त्व असे की, माणूस स्वतःविषयी जी गोष्ट सांगतो, किंवा इतरांनी सांगितलेली जी गोष्ट मुकाट्याने आपली मानतो, त्या गोष्टीत तो राहतो. ती गोष्ट अपुरी असेल तर त्याचे आयुष्यही आखडते. उपचार करणाऱ्याचे काम सल्ला देण्याचे नाही. विचारून विचारून त्या गोष्टीतला गाळलेला भाग बोलता करावा, एवढेच त्याने करायचे. व्हाइट २००८ साली वारला. त्याची रीत आता देशोदेशी चालते.

ज्या निबंधाविषयी मी बोलतो आहे त्याचे नाव मराठीत ‘पुन्हा एकदा नमस्कार’ असे होईल. त्यात त्रेचाळीस वर्षांची एक बाई येते. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराने अचानक गेलेला. सहा वर्षे ती त्याचा निरोप घेण्याचा प्रयत्न करते आहे आणि तो निरोप काही घेता येत नाही. उपचार करणारे, आप्तेष्ट, ती स्वतः, सगळ्यांचे मत एकच: अजून हिने नवऱ्याला नीट सोडलेले नाही. व्हाइटने हे सारे उलटे केले. त्याला वाटले, या बाईने निरोप जरा जास्तच घेतला आहे. आता हिने नवऱ्याला पुन्हा हाक मारून पाहावी. मग तो तिला साधे प्रश्न विचारतो. तो आत्ता तुमच्याकडे पाहत असता तर त्याला तुमच्यातले काय आवडले असते? ते तुमच्यात आहे हे त्याला कशावरून कळले होते? ते तुम्हाला उद्या आठवले तर उद्याचा दिवस कसा जाईल? बाई हळूहळू बोलू लागते, आणि नवऱ्याबरोबर हरवलेली ती स्वतः तिला पुन्हा सापडू लागते.

हे वाचताना आपल्याला वाटते, यात नवे काय? आमच्या शेजारच्या काकूंनी दुसरे काय केले? परंतु पश्चिमेकडे हे नवेच होते. तिकडे फ्रॉइडच्या १९१७ च्या निबंधाने शोकाला एक काम नेमून दिले होते. गेलेल्या माणसात गुंतलेले मन एकेका आठवणीतून सोडवून घ्यायचे आणि मोकळे झाल्यावर ते दुसरीकडे लावायचे. फ्रॉइडवर अन्याय नको म्हणून सांगितले पाहिजे की, स्वतःची मुलगी सोफी १९२० साली गेल्यावर त्याला हा हिशेब जमला नाही. १९२९ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले की, ती जागा भरत नाही आणि भरू नये हेच बरे. पण शिष्यांनी निबंध पाठ केला, पत्र वाचले नाही. असे पुष्कळ गुरूंच्या बाबतीत होते.

आता मी वाचकांना जुन्नरहून घाटमाथ्यावर, नाणेघाटाच्या लेण्यात नेणार आहे. व्हाइटच्या निबंधाचे खरे परीक्षण मला तिथेच करावेसे वाटते.

कोकणातून चढून येणारा जुना व्यापारी रस्ता जिथे देशावर पोचतो तिथे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे त्याच्या अलीकडे, खडकात कोरलेली एक चौकोनी खोली आहे. कर्नल साइक्सने १८२८ साली तिच्यातल्या ब्राह्मी लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, मिराशी अशांनी तो वाचला. डाव्या आणि उजव्या भिंतीवरचा हा लांबलचक प्राकृत लेख बहुतेक अभ्यासकांच्या मते सातवाहन राणी नागनिकेचा आहे. पहिल्या सातकर्णीची ही विधवा. केलेले अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि हजारांनी मोजलेले कार्षापण यांची यादी त्यात आहे. पण मला त्या यादीआधीचा भाग अधिक बोलका वाटतो. तिथे ती स्वतःची ओळख देते: महारठीची मुलगी, राजाची पत्नी, राजपुत्रांची आई, महिन्याचे उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी, व्रते आणि यज्ञ यांत जाणती. मुलगा लहान असताना कारभार तिने पाहिला असे मानतात. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एक शोकाकुल बाई, येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, ‘मी अजून कोण आहे’ हे खडकावर सांगते.

मागच्या भिंतीवर कुटुंबातल्या आठ माणसांच्या मूर्ती होत्या. त्यांत सिमुक होता, ती स्वतः आणि सातकर्णी होते, राजकुमार होते, तिचा महारठी बापही होता. मूर्ती आता नाहीत. काही ठिकाणी पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत आणि वर नावे आहेत. व्हाइटच्या नंतरच्या लिखाणात एक कल्पना वारंवार येते. माणसाचे आयुष्य म्हणजे सभासदांची एक मंडळी. कोणाला मानाची जागा द्यायची, कोणाला दाराशी बसवायचे हे त्याच्या हाती असते, आणि मरण आले म्हणून सभासदत्व रद्द होत नाही. नागनिकेने ही मंडळी सरळ ओळीने उभी केली, आणि तिच्यात जिवंत-मृत असा भेद ठेवला नाही.

इतके झाल्यावर माझ्या मनात शंका उभी राहते, आणि ती मी दडवून ठेवणार नाही. मुलगी, पत्नी, आई. या तिहींत ती स्वतः कुठे आहे? गेलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघा, हा व्हाइटचा प्रश्न त्या ऑस्ट्रेलियन बाईला मोकळे करतो. मराठी विधवेला मात्र हा प्रश्न शेकडो वर्षे रोज विचारला जात होता. तोच तर तिचा तुरुंग होता. केस, कुंकू, बांगड्या, लुगड्याचा रंग, सारे गेलेल्याच्या नजरेतून ठरवलेले. तेव्हा व्हाइटचा प्रश्न जसाच्या तसा इकडे आणून चालणार नाही. तो कोण विचारतो आणि उत्तर देणारीला ‘नाही’ म्हणता येते की नाही, यावर सारे आहे.

रमाबाई रानडे यांचे आत्मचरित्र घ्या. न्यायमूर्ती १९०१ च्या जानेवारीत गेले. पुस्तक १९१० साली आले. मध्ये, १९०९ साली, पुण्याचे सेवासदन उभे राहिले. पुस्तकाच्या नावातच ‘आमच्या’ आयुष्याच्या आठवणी आहेत. पानापानावर रमाबाई स्वतःला यजमानांच्या नजरेतून पाहतात. त्यांनी शिकवले, त्यांनी रागे भरले, त्यांनी वाट दाखवली. कथनोपचाराचा एखादा अभ्यासक हे पुस्तक वाचून हरखून जाईल. मला ते पुस्तक प्रिय आहे, तरी ते मिटताना प्रत्येक वेळी हुरहूर लागते: सेवासदन चालवणारी ती कर्ती बाई या पानांत का डोकावत नाही?

लक्ष्मीबाई टिळकांनी ही गाठ वेगळ्या तऱ्हेने सोडवली. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांतले टिळक देव्हाऱ्यात बसवलेले नाहीत. ते रागावतात, पैसे हरवतात, न सांगता धर्मांतर करून बायकोला देशोधडीला लावतात आणि तरीही हवेहवेसे वाटतात. लक्ष्मीबाई नवऱ्याला पुन्हा हाक मारतात ती भांडायला. त्याच्या डोळ्यांनी त्या स्वतःला पाहतात, पण स्वतःच्या डोळ्यांनी त्यालाही पाहतात. शोकातून पुन्हा उभे राहिलेले माणूस कसे दिसते हे पाहायचे असेल तर व्हाइटच्या निबंधापेक्षा हे पुस्तक अधिक सांगते, असे माझे मत आहे. निबंधातली बाई उपचार करणाऱ्याला उत्तरे देते. लक्ष्मीबाईंना कोणी प्रश्न विचारत नाही, त्याच वाचकाला बसवून ठेवतात.

आणि वाचक बसतो. मला जे म्हणायचे आहे ते इथे आहे. शोकात मोडलेले माणूस सांगितल्याने जितके सावरते त्याहून अधिक कोणी ऐकल्याने सावरते. आणि ऐकणारा कोणीही चालत नाही. गेलेल्याला ओळखणारा लागतो. काकूंना भाऊजींची चकली मोडण्याची सवय ठाऊक होती, म्हणून मावशीचे वाक्य पुरे झाले. ज्याच्या शोकाला असा ऐकणाराच उरला नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेत, अतिवृष्टीने डोंगराचा कडा सुटला आणि माळीण गावातली चाळीसांहून अधिक घरे चिखलाखाली गेली. १५१ माणसे मेली. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. शाळेची इमारत तेवढी शाबूत राहिली. एक आई तान्ह्या मुलासह जिवंत सापडली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला आणि सुखावला. बाकीचे जे उरले त्यांतले कितीतरी त्या सकाळी गावात नव्हते म्हणून उरले.

माळीणची गोष्ट तेव्हापासून आपण शेकडो वेळा वाचली आहे. ती नेहमी एकाच जागी सुरू होते: एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला आणि त्याला समोर गावच दिसले नाही. ही सुरुवात खरी आहे, आणि त्या चालकाचे उपकार मोठे आहेत, कारण त्याच्यामुळेच बाहेर बातमी गेली. परंतु गोष्ट म्हणून पाहिली तर ही बाहेरून येणाऱ्याने पाहिलेली गोष्ट आहे. तिच्यात गाव पहिल्याच वाक्यात नाहीसे झालेले असते. तिथे त्याआधी कोण राहत होते, कोणाची म्हैस कोणाच्या बांधावर जाई, कोणाची लेक कोणत्या वाडीला दिली होती, याला त्या गोष्टीत जागाच नाही. उरलेल्या माणसाला या गोष्टीत एकच भूमिका मिळते: वाचलेला. पत्रकार येतो, पुढारी येतो, तलाठी येतो, आणि प्रत्येक जण त्याला पुन्हा त्या सकाळपाशी नेऊन उभा करतो. पंचनामा आणि वारसनोंद यांनाही नाते सांगावेच लागते. पण तिथे ‘मयताशी नाते’ एका शब्दात लिहायचे असते.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण. या डोंगरांत पडकई नावाची जुनी रीत आहे. एकमेकांच्या श्रमाने उताराला ताली घालायच्या आणि भाताची खाचरे तयार करायची. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. दुर्घटनेनंतर कारणांचा शोध सुरू झाला तेव्हा यंत्रे लावून केलेल्या पडकईकडे बोट दाखवले गेले. दुसरीकडून अतिवृष्टी, उतार आणि माती यांवर भर देत त्या आरोपाचा जोरदार प्रतिवादही झाला. तो निवाडा भूशास्त्रज्ञांनी करावा. मला दिसते ते एवढेच की, ज्या रीतीत हे लोक स्वतःला सर्वांत चांगल्या रूपात ओळखत होते तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. माणूस निराळा आणि त्याच्यावर आलेले संकट निराळे, ही व्हाइटच्या रीतीतली पहिली पायरी. ती इथे किती लागू आहे हे सांगायला नको.

२ एप्रिल २०१७ रोजी आमडे येथे नव्या माळीणचे लोकार्पण झाले. साठांहून अधिक पक्की घरे, शाळा, रस्ते. त्याच वर्षी जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले तेव्हा लोकांच्या पोटात काय झाले असेल ते सांगता येत नाही. जुन्या जागी स्मारक आहे. ३० जुलैला तिथे माणसे जमतात. पण घर बांधून देता येते तसा शेजारी बांधून देता येत नाही. ‘तू अमक्याचा मुलगा ना, लहानपणी ओढ्यात पडला होतास’ असे म्हणणारी तोंडेच ज्या माणसाभोवती राहिली नाहीत, त्याने स्वतःची गोष्ट सांगितली तरी तिला हुंकार कोण देणार? कथनोपचारावर माझा मोठा आक्षेप आहे तो हा की, तिच्या आरंभीच्या लेखनात एक माणूस आणि एक उपचार करणारा अशी बंद खोली गृहीत धरलेली आहे. त्या खोलीत माळीण मावत नाही.

न्यायासाठी सांगतो की, व्हाइटला स्वतःला ही उणीव जाणवली होती. बार्बरा मायरहॉफ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईने कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या व्हेनिस गावी वृद्ध ज्यू लोकांचा अभ्यास केला होता. पूर्व युरोपातून आलेली ही माणसे. त्यांची मूळ गावे युद्धात नाहीशी झालेली, मुले दूर गेलेली. आपल्या आयुष्याला साक्षीदार नाही या जाणिवेने ती कासावीस असत. मग ती एकमेकांची साक्षीदार झाली. समारंभ, भांडणे, भाषणे, काही ना काही निमित्त काढून ती एकमेकांसमोर उभी राहत आणि ‘आम्ही हे होतो’ असे सांगत. व्हाइटने यावरून धडा घेतला. तो ऐकायला आणखी माणसे बोलावू लागला. त्यांनी उपदेश करायचा नाही, कौतुकही करायचे नाही. ऐकताना आपल्या स्वतःच्या आयुष्यातले काय हलले तेवढे सांगायचे. हा त्याच्या रीतीतला सर्वांत पक्व भाग आहे, आणि इकडे आणायचा तर हाच आणावा.

आणायला फार दूरही जावे लागत नाही. जाते एकटीला जड जाते. खुंट्याला दुसऱ्या बाईचा हात लागे, आणि पहिली गाई तेव्हा दुसरी ऐकत असे. तिची पाळी आली की ती गाई. गेलेली आई, दूरचा भाऊ, मेलेले मूल, सारी त्या दळणात येत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून अशा ओव्या लाखाहून अधिक जमवल्या, हे फार मोठे काम आहे. परंतु वहीत उतरली ती ओवी. दुसरा हात वहीत येत नाही. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले याबद्दल कोणी हळहळ करू नये. मात्र पहाटे ऐकणारी बाईही त्याबरोबर गेली, आणि तिच्या जागी कोणी आले नाही.

माळीणनंतर २०२१ साली महाडजवळ तळिये, २०२३ साली खालापुरात इर्शाळवाडी. दर खेपेस मदत जाते, आणि आता समुपदेशकही जातात हे चांगले आहे. त्यांनी वही उघडून ‘त्या रात्री काय झाले’ असे विचारण्याऐवजी आजूबाजूच्या वाड्यांतल्या सोयऱ्यांना, आठवडे बाजारात भेटणाऱ्यांना, माहेरवाशिणींना, जुन्या मास्तरांना एकत्र बसवावे. गेलेल्यांना ओळखणारी माणसे गावाबाहेरही असतात. ती शोधणे हे उपचाराचे अर्धे काम आहे.

आंबेगाव तालुक्याला हे निराळ्या रीतीने ठाऊक आहे. ज्या गावाचे नाव तालुका लावतो ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे; कचेऱ्या घोडेगावला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुनी देवळे आणि जोती उघडी पडतात. एका मे महिन्यात मी तिथे गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला उपरणे गुंडाळलेले, शहरात वाढलेल्या नातवाला भेगाळलेल्या गाळातून काठीने घरे दाखवत होते. हा सुताराचा वाडा, ही शिंप्याची ओसरी, इथे पिंपळ होता. पोरगा सुरुवातीला कंटाळला होता. मग त्याला गंमत वाटू लागली असावी. तो मध्येच म्हणाला, “आबा, मघाशी तुम्ही शिंपी देवळाच्या अलीकडे म्हणालात.” म्हातारा थांबला, देवळाकडे पाहिले, काठीने जमिनीवर एक रेघ ओढली.

“बरोबर,” तो म्हणाला, “अलीकडेच. मग हे घर आपले.”